पाठपिशवी (गिर्यारोहण)

गिर्यारोहणाची पाठपिशवी म्हणजे डोंगरात चालताना, कडा चढताना किंवा बर्फावर वावरताना लागणारे सामान दोन्ही खांदे व कंबर यांच्या आधाराने पाठीवर वाहून नेण्याचे साधन होय. महाराष्ट्रातील गिर्यारोहक तिला सहसा 'सॅक' म्हणतात. भटकंती, प्रस्तरारोहण, हिमालयातील शिखर-मोहिमा आणि स्की टूरिंग या प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या रचनेच्या पाठपिशव्या मिळतात. बहुतेक हौशी गिर्यारोहकांना मात्र एकाच पिशवीवर ही सर्व कामे भागवावी लागतात. अशा पिशवीला बहुउपयोगी पाठपिशवी म्हणतात. तिच्या निवडीत काही सोयी सोडाव्या लागतात. कोणत्या सोडायच्या आणि कोणत्या सोडायच्या नाहीत, हे ओळखणे हा या निवडीचा गाभा आहे. पाठीवर हेलकावणारे ओझे अरुंद वाटेवर तोल घालवू शकते, भिजलेली स्लीपिंग बॅग रात्री शरीराचे तापमान धोकादायकरीत्या खाली आणू शकते आणि हिमस्खलनात वेळेवर हाती न आलेले फावडे निरुपयोगी ठरते. या कारणांमुळे पाठपिशवीची गणना गिर्यारोहणाच्या सुरक्षा-साधनांत केली जाते.

नाव

पाठपिशवीसाठी मराठीत 'सॅक', 'रकसॅक' आणि 'हॅवरसॅक' हे तिन्ही शब्द रूढ आहेत. 'रकसॅक' हा शब्द जर्मन भाषेतील पाठ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. 'हॅवरसॅक' या शब्दाचे मूळही जर्मनच असून त्याचा अर्थ ओटची थैली असा होतो. घोडदळातील सैनिक घोड्याचे खाद्य तीत ठेवत. मूळची हॅवरसॅक एका खांद्यावर अडकवली जाई. मराठी बोलीत मात्र हा शब्द दोन पट्ट्यांच्या मोठ्या पिशवीसाठी वापरला जातो.

इतिहास

पाठीवर ओझे वाहण्याची पद्धत प्रागैतिहासिक आहे. आल्प्स पर्वतात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' या हिममानवाच्या अवशेषांजवळ हेझेल झाडाची वाकवलेली काठी आणि लार्च लाकडाच्या फळ्या मिळाल्या. त्या ओझे वाहण्याच्या चौकटीच्या असाव्यात, असा अंदाज आहे.

सह्याद्रीच्या घाटवाटांवर ओझे वाहण्याची साधने निराळी होती. खांद्यावरून पुढे-मागे सोडायची दुतोंडी पडशी, दोन टोकांना भार लावलेली कावड आणि डोक्यावर चुंबळ ठेवून नेलेली पाटी किंवा हारा ही त्यांपैकी प्रमुख होत. भार शरीराच्या मध्यरेषेच्या जवळ किंवा तिच्या दोन्ही बाजूंना सारखा ठेवणे, हे तत्त्व या सर्वांत समान आहे. नेपाळमधील भारवाहक आजही कपाळावरून घेतलेल्या 'नाम्लो' नावाच्या पट्ट्याने ओझे वाहतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एव्हरेस्ट परिसरातील पुरुष भारवाहकांचे सरासरी ओझे त्यांच्या शरीराच्या वजनाच्या ९३ टक्के इतके आढळले होते.

आधुनिक पाठपिशवीच्या विकासात तीन टप्पे महत्त्वाचे मानले जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नॉर्वेचे ओले बर्गन यांनी पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेली चौकट पिशवीला जोडली. १९५२ साली अमेरिकेत डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या बाह्य चौकटीची पिशवी विक्रीस आणली. कंबरेवर भार घेण्याची पद्धत या प्रकारच्या पिशव्यांमुळे लोकप्रिय झाली. १९६७ साली ग्रेग लो यांनी चौकट पिशवीच्या आत बसवली. बाह्य चौकट रुंद असल्याने कड्यावर अडकत असे व भार पाठीपासून दूर राही. आंतरचौकटीमुळे पिशवी अंगासरशी राहू लागली आणि चढाईसाठी ती अधिक योग्य ठरली. आज गिर्यारोहणात व स्की टूरिंगमध्ये जवळजवळ सर्वत्र आंतरचौकटीच्याच पिशव्या वापरल्या जातात. याच काळात जाड सुती कॅनव्हासची जागा नायलॉनने घेतली.

रचना व भाराची विभागणी

पाठपिशवीचे मुख्य भाग म्हणजे सामानाचा कप्पा, पाठीकडील चौकट, खांदेपट्टे, कमरपट्टा, छातीपट्टा आणि बाजूच्या आवळपट्ट्या. अनेक पिशव्यांना वर झाकण असते व त्यात लहान खिसा असतो.

ओझ्याचा मोठा वाटा खांद्यांनी नव्हे, तर कंबरेने पेलावा, हे आधुनिक पाठपिशवीचे मूलतत्त्व आहे. कमरपट्टा पोटावर नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या नितंबास्थींच्या वरच्या कडेवर बसतो. तेथून भार थेट पायांच्या हाडांकडे जातो. चौकट कडक असेल, तरच वरचा भार कमरपट्ट्यापर्यंत पोहोचतो. चौकट नसलेल्या पिशवीला जाड कमरपट्टा लावला, तरी ती मध्येच दुमडते आणि ओझे पुन्हा खांद्यांवर येते.

खांदेपट्ट्यांच्या वरच्या भागातून पिशवीकडे जाणाऱ्या लहान पट्ट्यांना लोड लिफ्टर म्हणतात. त्या ओढल्या की पिशवीचा माथा पाठीकडे झुकतो. चढावर त्या थोड्या सैल आणि उतारावर घट्ट ठेवण्याची पद्धत आहे. छातीपट्टा खांदेपट्ट्यांना बाहेर घसरू देत नाही. तो श्वासाला अडथळा होईल इतका आवळू नये.

भार पाठीपासून जितका दूर, तितका तो शरीराला मागे खेचतो. तो सावरण्यासाठी चालणारा पुढे वाकतो आणि त्याच्या कंबरेच्या व मानेच्या स्नायूंवर ताण येतो. म्हणून समान क्षमतेच्या दोन पिशव्यांपैकी रुंद व फुगीर पिशवीपेक्षा उंच व सपाट पिशवी डोंगरात अधिक उपयुक्त असते.

मापे

पाठीची लांबी

पाठपिशवीचे माप व्यक्तीच्या उंचीवरून नव्हे, तर पाठीच्या लांबीवरून ठरते. मान पुढे झुकवली असता तिच्या मुळाशी जे हाड ठळकपणे हाताला लागते, तो मानेचा सातवा मणका असतो. दोन्ही हात कंबरेवर नितंबास्थींच्या कडांवर ठेवून अंगठे मागे वळवले, की अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा मिळते. मणक्यापासून या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. हे माप मापनफितीने दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावे लागते. समान उंचीच्या दोन व्यक्तींमध्ये हे अंतर काही सेंटिमीटरने वेगळे असू शकते. त्यामुळे एकाला सुखकर वाटणारी पिशवी दुसऱ्याला खांद्यावर रुतते. अनेक उत्पादक एकच पिशवी दोन-तीन लांबींत किंवा कमीजास्त करता येणाऱ्या पाठीसह बनवतात. स्त्रियांसाठीच्या पिशव्यांत खांदेपट्ट्यांचे वळण व कमरपट्ट्याचा कोन वेगळा ठेवलेला असतो.

क्षमता

पाठपिशवीची क्षमता लिटरमध्ये मोजली जाते. सामान्यतः वापरले जाणारे गट पुढीलप्रमाणे आहेत.

• १५ ते २५ लिटर: एका दिवसाची भटकंती, पाणी, डबा, पावसाळी जाकीट.
• २५ ते ३५ लिटर: एका दिवसाचे प्रस्तरारोहण किंवा स्की टूर, दोर व साधनांसह.
• ३५ ते ४५ लिटर: एक-दोन मुक्कामांची मोहीम, हलके सामान असल्यास शिखरचढाई.
• ५० ते ७० लिटर: तंबू, शिधा व थंडीच्या कपड्यांसह अनेक दिवसांची मोहीम.
• ७० लिटरच्या पुढे: हिमालयातील मोहिमांत तळ-छावणीपर्यंतची सामानवाहतूक.

मोठी पिशवी घेतली की ती भरण्याकडे कल होतो, तर लहान पिशवीमुळे बाहेर लटकवलेल्या वस्तूंची संख्या वाढते. बाहेर लोंबणारी कॅरीमॅट, बाटली वा भांडी झाडोऱ्यात अडकतात आणि चढाईत तोल बिघडवतात. आरामदायक ओझ्याची मर्यादा म्हणून शरीराच्या वजनाच्या सुमारे एक-पंचमांश हे प्रमाण सांगितले जाते. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ते १२ किलोग्रॅम होते. व्यक्तीचा सराव, वाटेचा चढ व हवेची उंची यांप्रमाणे ते बदलते.

कापड व जलरोध

पाठपिशव्यांचे कापड मुख्यतः नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असते. धाग्याची जाडी डेनिअर या एककात सांगतात; ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर. कमी डेनिअरचे कापड हलके असते, पण खडकाच्या घर्षणाने लवकर फाटते. म्हणून बऱ्याच पिशव्यांत अंगाला २१० ते ४२० डेनिअरचे आणि तळाला त्याहून जाड कापड वापरतात. ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेल्या कापडाला रिपस्टॉप म्हणतात. त्यात पडलेले छिद्र सहसा पसरत नाही.

कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असला, तरी शिवणी व झिपमधून पाणी आत शिरते. त्यामुळे 'जलरोधक कापड' आणि 'जलरोधक पिशवी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सह्याद्रीतील वापर

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीलगत असून हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच परिसरात आहे. येथून पश्चिमेकडे मुळशी धरण व ताम्हिणी घाट आणि वायव्येकडे मावळातील लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग हे किल्ले आहेत. घनगड व कैलासगड यांसारखे आडबाजूचे किल्लेही याच पट्ट्यात येतात. माण, हिंजवडी व पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतील भटकंती सहज शक्य होते. या भागातील हौशी गिर्यारोहकाचे वेळापत्रक बहुधा असे असते की, वर्षभर सह्याद्रीत एक-दोन दिवसांच्या भटकंती आणि वर्षातून एखादी हिमालयातील मोहीम. बहुउपयोगी पाठपिशवीचा प्रश्न नेमका येथे उद्भवतो, कारण या दोन प्रदेशांच्या गरजा काही बाबतींत परस्परविरोधी आहेत.

नवखे भटके पुष्कळदा कार्यालयीन लॅपटॉपची पिशवी घेऊनच डोंगरात जातात. सपाटीवरच्या प्रवासासाठी बनवलेल्या या पिशवीला सहसा चौकट व भार पेलणारा कमरपट्टा नसतो आणि तिची खोली बाहेरच्या बाजूला वाढते. उडी मारताना किंवा कातळटप्पा उतरताना ती एका बाजूला झुलते. एखाद्या सोप्या किल्ल्यावर यामुळे केवळ गैरसोय होते. दरीच्या कडेने जाणाऱ्या आडव्या वाटेवर हाच झोल धोकादायक ठरतो.

सह्याद्रीतील ऋतूंप्रमाणे पाठपिशवीपुढील अडचणी बदलतात.

पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर पाऊस तासन्तास थांबत नाही आणि वाऱ्यामुळे तो आडवा येतो. बाहेरून घातलेले पावसाळी आवरण पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळणारे पाणी पाठ व पिशवी यांच्या मधून आत उतरते, शिवाय घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात आवरण फुगून निघून जाऊ शकते. पूर्वी शेतकरी पावसात डोक्यापासून पाठीपर्यंत इरले किंवा घोंगडीची खोळ घेत, तेव्हा पाठ व ओझे दोन्ही एकाच छपराखाली राहत. आधुनिक पिशवीत हे काम आतल्या अस्तराने करावे लागते. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत बसवून, सर्व सामान तीत भरून तिचे तोंड पिळून दुमडणे, हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. बाहेरचे आवरण त्याला पूरक ठरते, पर्याय ठरत नाही.

उन्हाळा. फेब्रुवारीनंतर बहुतेक किल्ल्यांवरील टाकी आटू लागतात किंवा त्यांतील पाणी पिण्याजोगे राहत नाही. एका व्यक्तीला दिवसभरासाठी चार-पाच लिटर पाणी सोबत न्यावे लागते, म्हणजेच केवळ पाण्याचेच वजन चार-पाच किलोग्रॅम भरते. हे वजन दिवसभरात कमी होत जाते. त्यामुळे बाजूच्या आवळपट्ट्या अशा असाव्यात, की अर्धी रिकामी झालेली पिशवीही घट्ट आवळता येईल.

हिवाळा. रात्रीच्या मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग व गरम कपडे वाढतात. किल्ल्यावरील गुहा व देवळांत मुक्काम केला, तर उंदीर खाद्यपदार्थांसाठी कापड कुरतडतात. अशा ठिकाणी शिधा पिशवीतून काढून टांगून ठेवला जातो.

कारवीचे रान, करवंदीच्या जाळ्या आणि अरुंद नाळा यांतून जाताना बाहेरचे जाळीचे खिसे फाटतात व त्यांतील वस्तू नकळत पडतात. प्रस्तरारोहणात तर पिशवी कातळाला घासून वर ओढावी लागते. साधा, गुळगुळीत व कमी लोंबत्या पट्ट्यांचा बाह्यभाग येथे टिकाऊ ठरतो.

हिमालयातील गिर्यारोहण

महाराष्ट्रातील गिर्यारोहकांची हिमालयातील परंपरा जुनी आहे. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण यांनी १९९८ साली एव्हरेस्ट सर केले. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या २०१२ सालच्या मोहिमेतील आठ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. नव्याने शिकणारे गिर्यारोहक उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट येथील अभ्यासक्रमांना जातात.

मोहिमेत पाठपिशवीचे काम दोन टप्प्यांत विभागलेले असते. पायथ्यापासून तळ-छावणीपर्यंत व पुढे वरच्या छावण्यांपर्यंत सामान पोहोचवताना मोठी पिशवी लागते. शिखराच्या दिवशी मात्र पाणी, जाड जाकीट, हातमोजे, थोडे खाद्य व हेडटॉर्च एवढेच सोबत असते. अतिउंचीवर त्यात ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवावा लागतो. म्हणून मोठी पिशवी आवळून लहान करता येणे, तसेच झाकण व चौकट काढून ती हलकी करता येणे, हे गुण येथे मोलाचे असतात.

बर्फावरील चढाईसाठी पुढील बाबी पाहिल्या जातात.

• आइस ॲक्स अडकवण्याचे टिकाऊ फासे, जे हातमोजे घालूनही उघडता येतात.
• क्रॅम्पॉनच्या टोकदार दातांनी कापड फाटू नये म्हणून जाड कापडाचा पट्टा किंवा वेगळा खिसा.
• झाकणाखाली दोर दाबून धरणारा पट्टा.
• हार्नेसवरील साधने झाकली जाणार नाहीत असा बारीक किंवा काढता येणारा कमरपट्टा.
• हेल्मेट घालून मान वर केली असता डोक्याला न लागणारा माथा.

शेवटची बाब दुकानात क्वचितच तपासली जाते. उंच पिशवीचे भरलेले झाकण हेल्मेटला अडले, तर चढणाऱ्याला वरची वाट व वरून येणारे दगड दिसत नाहीत.

सह्याद्री आणि हिमालय यांतील गरजांचा विरोध पाठीच्या रचनेत सर्वांत स्पष्ट दिसतो. ताणलेल्या जाळीची पाठ असलेल्या पिशवीत अंग व पिशवी यांच्यामध्ये हवा खेळते. सह्याद्रीच्या दमट उकाड्यात ती सुखावह वाटते. परंतु त्या पोकळीमुळे भार पाठीपासून दूर जातो आणि बर्फावर त्या जाळीत हिम साचून वितळते. याउलट गुळगुळीत फोमची पाठ अंगाला चिकटून राहते व बर्फ झटकते, पण तिच्यामुळे घाम अधिक येतो. दोन्ही प्रदेशांत एकच पिशवी वापरायची असल्यास फोमची पाठ निवडणे इष्ट असते, कारण घामाने शर्ट भिजणे हा त्रास आहे, तर तोल जाणे हा धोका आहे.

स्की टूरिंग

स्की टूरिंगमध्ये पाळणा किंवा गोंडोला न वापरता स्कीवरूनच चढ चढला जातो आणि त्याच स्कीवरून उतरले जाते. चढताना स्कीच्या तळाला 'स्किन' नावाच्या केसाळ पट्ट्या चिकटवतात. त्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. भारतात जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग ही स्कीइंगची परिचित ठिकाणे आहेत. महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नसल्याने येथील हौशींना या खेळासाठी तेथेच जावे लागते.

स्की टूरिंगच्या पाठपिशवीचे वेगळेपण तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट स्की वाहण्याची सोय. उभ्या चढावर स्की काढून पिशवीला बांधाव्या लागतात. दोन्ही बाजूंना एकेक स्की लावून वर टोके बांधण्याच्या पद्धतीत भार समतोल राहतो. दोन्ही स्की एकत्र तिरप्या बांधण्याची पद्धत जलद असते, पण भार एका बाजूला जातो. स्कीच्या धातूच्या कडा धारदार असल्याने पट्टे व फासे मजबूत लागतात. दुसरी गोष्ट पाठीकडून उघडणारी झिप. पिशवी बर्फावर उताणी ठेवून आतील वस्तू काढता येते आणि अंगाला टेकणारी बाजू कोरडी राहते. तिसरी गोष्ट भाराची उंची. वळणे घेताना उंचावरचा भार स्कीकराला बाहेर फेकतो, म्हणून येथे जड वस्तू भटकंतीपेक्षा थोड्या खाली ठेवतात.

पाण्याच्या नळीची पिशवी सह्याद्रीत सोयीची असते, परंतु अतिथंड हवेत तिची नळी गोठते. त्यामुळे बर्फात रुंद तोंडाची बाटली किंवा थर्मास वापरला जातो.

हिमस्खलन व पाठपिशवी

हिमस्खलनाचा धोका केवळ स्कीकरांपुरता नसतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षण-तुकडीवर हिमस्खलन कोसळले व त्यात पंचविसाहून अधिक जण मृत्युमुखी पडले.

हिमस्खलन-प्रवण प्रदेशात स्की टूरिंग करणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन साधने असणे आवश्यक मानले जाते: ४५७ किलोहर्ट्झ वारंवारतेवर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, घडीची शोधकाठी आणि फावडे. यांपैकी ट्रान्सीव्हर पाठपिशवीत ठेवत नाहीत. तो कपड्यांच्या आत अंगावरच बांधतात, कारण पिशवी हिमाच्या लोटात अंगावरून निघून जाऊ शकते. शोधकाठी व फावडे मात्र पिशवीतच असतात. बाहेर लटकवलेले फावडे हरवू शकते, तर मुख्य कप्प्याच्या तळाशी ठेवलेले फावडे काढण्यात वेळ जातो. हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि या अवधीत शोध घेणे व खणणे ही दोन्ही कामे सोबत्यांनाच करावी लागतात. म्हणून या साधनांसाठी वेगळ्या झिपचा, एका हालचालीत उघडणारा कप्पा असावा. बहुउपयोगी पिशवीत असा कप्पा नसल्यास ती साधने मुख्य कप्प्यात पाठीच्या बाजूला, सर्वांत वर राहतील अशी ठेवतात.

काही पाठपिशव्यांत हवेचा फुगा बसवलेला असतो. खांदेपट्ट्यावरील मूठ ओढली की दाबाखालील वायूने किंवा विजेच्या पंख्याने तो काही सेकंदांत फुगतो. सरकत्या हिमात आकाराने मोठी वस्तू वर राहते, या तत्त्वावर तो काम करतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हिमस्खलनात गंभीररीत्या सापडलेल्या व्यक्तींमधील मृत्यूचे प्रमाण फुगा फुगल्यास २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येते, असे आढळले. त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के प्रसंगी फुगा फुगलाच नाही, असेही दिसले. मूठ न ओढली जाणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण होते. अशी पिशवी महाग व जड असते, तसेच वायूच्या नळकांड्यामुळे विमानप्रवासासाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते. वर्षातून एखादी सहल करणाऱ्यासाठी ती बहुउपयोगी पिशवीचा पर्याय होत नाही.

बहुउपयोगी पिशवीची निवड

वरील सर्व गरजा एकत्र पाहता, वर्षभर सह्याद्रीत फिरणाऱ्या आणि अधूनमधून हिमालयात किंवा स्की टूरिंगला जाणाऱ्या व्यक्तीसाठी ३५ ते ४५ लिटर क्षमतेची, उंच व अरुंद बांध्याची पिशवी मध्यममार्ग ठरते. एका दिवसासाठी ती आवळून लहान करता येते आणि एका मुक्कामाचे सामानही तीत मावते. तिचे स्वतःचे वजन सुमारे एक ते दीड किलोग्रॅम असते. फार हलक्या पिशवीत चौकट व कापड यांवर काटछाट केलेली असते, तर फार जड पिशवीत न वापरल्या जाणाऱ्या खिशांचे वजन वाहावे लागते.

निवडीतील प्राधान्यक्रम साधारणतः असा मानता येतो.

१. पाठीच्या लांबीशी जुळणारे माप. हे चुकल्यास इतर कोणत्याही सोयीने त्याची भरपाई होत नाही.
२. भार कंबरेपर्यंत नेणारी चौकट आणि काढता येणारा किंवा आत दुमडता येणारा कमरपट्टा.
३. स्की, काठ्या किंवा कॅरीमॅट धरू शकतील अशा बाजूच्या मजबूत आवळपट्ट्या.
४. गुळगुळीत पाठ व साधा बाह्यभाग.
५. आइस ॲक्सचे फासे, दोराचा पट्टा व काढता येणारे झाकण.
६. खिशांची संख्या, रंग व इतर सोयी.

जाहिरातींत हा क्रम बहुधा उलटा दिसतो, कारण खिसे व रंग छायाचित्रात दिसतात, माप दिसत नाही.

या मध्यममार्गालाही मर्यादा आहेत. तंबू, स्टोव्ह व आठवडाभराचा शिधा स्वतः वाहून न्यायचा असेल, तर ४५ लिटरची पिशवी अपुरी पडते. अशा मोहिमेसाठी मोठी पिशवी गिर्यारोहण संस्थेकडून किंवा परिचितांकडून तात्पुरती घेणे, हा खर्च टाळण्याचा व्यवहार्य मार्ग आहे. प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत बरीच साधने संस्थेकडूनच मिळतात, त्यामुळे खरेदीपूर्वी संस्थेची साधनयादी पाहणे उपयुक्त ठरते.

पिशवी रिकामी घालून पाहिल्याने तिची पारख होत नाही. दहा-बारा किलोग्रॅम भार भरून, आधी कमरपट्टा, मग खांदेपट्टे, मग लोड लिफ्टर व शेवटी छातीपट्टा या क्रमाने ती आवळावी आणि पंधरा-वीस मिनिटे जिना चढून-उतरून पाहावे. खांद्यावर रुतणे, कंबरेवरून घसरणे किंवा चालताना बाजूला झोल जाणे ही माप न जुळल्याची लक्षणे होत.

सामान भरण्याची पद्धत

स्लीपिंग बॅग व मुक्कामी पोहोचेपर्यंत न लागणारे कपडे तळाशी ठेवतात. पाणी, शिधा, दोर अशा जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या दरम्यान येतात. हलके कपडे बाहेरच्या बाजूला भरून पोकळी भरून काढतात. पावसाळी जाकीट, प्रथमोपचार पेटी व हेडटॉर्च सर्वांत वर असतात. डाव्या-उजव्या बाजूंचे वजन सारखे ठेवावे लागते. एका बाजूला दोन लिटरची बाटली आणि दुसरी बाजू रिकामी असल्यास दिवसभरात एक खांदा अधिक दुखतो. ओढा किंवा धबधबा ओलांडताना कमरपट्टा व छातीपट्टा सोडून ठेवण्याची शिस्त पाळली जाते. पाय घसरून पाण्यात पडल्यास पिशवी तत्काळ अंगावेगळी करता येते.

निगा

पावसाळी भटकंतीनंतर पिशवी पूर्ण रिकामी करून, झिप उघड्या ठेवून सावलीत वाळवावी लागते. दमट हवेत बंद ठेवलेल्या पिशवीला बुरशी लागते. कडक उन्हाने नायलॉनचे धागे कमजोर होतात. धुलाईयंत्रात धुतल्यास आतील लेप सुटतो, म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश वापरतात. लेप जुना झाला की चिकट होतो व त्याचे पापुद्रे निघतात. अशी पिशवी आतल्या अस्तरासह पुढेही वापरता येते. उसवलेले पट्टे दाभण व जाड नायलॉन दोऱ्याने पुन्हा शिवता येतात. हे काम चपला व बॅगा दुरुस्त करणारे कारागीरही करतात. तुटलेले बकल बदलता येते. कमरपट्ट्याचे बकल व खांदेपट्ट्यांच्या वरच्या शिवणी मात्र प्रत्येक मोठ्या मोहिमेपूर्वी तपासणे आवश्यक असते, कारण सर्व भार त्यांवरच पेलला जातो.

हे सुद्धा पहा

• गिर्यारोहण
• प्रस्तरारोहण
• सह्याद्री
• हिमस्खलन
• स्कीइंग
• माण (मुळशी)